कुलूप आणि कोपी

भाऊबीज उरकली की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, हंडे, ज्वारीचं पोतं, गोधड्यांचं बोचकं, एखादी शेळी आणि त्या सगळ्याच्या वर माणसं. ऊसतोडीच्या काही टोळ्या दसऱ्यालाच निघतात, काही घरात दिवाळीची पणती लावून. कारखान्याचा बॉयलर कधी पेटणार, यावर ते ठरतं. धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा या तालुक्यांच्या रस्त्यांवर हे इतकं नेमाचं झालंय की कुणी मान वळवून बघत नाही. ट्रॉल्या सांगली-कोल्हापूरकडे जातात, साताऱ्या-पुण्याकडे जातात, काही थेट कर्नाटकात उतरतात. मागे राहतात म्हातारी माणसं, त्यांच्यापाशी ठेवलेली पोरं आणि कुलपं.



त्या कुलपांपाशी जरा थांबावं. त्यातली कितीतरी सरकारी घरकुलांच्या दारांना असतात. भिंतीवर योजनेचं नाव, लाभार्थ्याचं नाव, मंजुरीचं वर्ष रंगवून लिहिलेलं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाटीवरच्या कुटुंबाला १ लाख २० हजार रुपये ठरले आणि घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं असावं अशी अट आली. विटा-सिमेंटचं पक्कं घर. या पक्क्या घराचे मालक-मालकीण वर्षातले पाच-सहा महिने दोन-तीनशे किलोमीटरवर, कुणाच्या तरी रानात कोपी घालून राहतात. बांबूच्या कामट्या वाकवायच्या, त्यावर चटई, पाचट नाहीतर प्लास्टिकचा कागद टाकायचा, झाली कोपी. आत शिरायचं तर वाकून आणि ताठ उभं राहायचं तर बाहेर येऊन. मोरी नाही, संडास नाही, पाणी जिथे मिळेल तिथून. पहाटे फडात जायची वेळ होते तेव्हा तान्हं मूल पाचटावर निजवायचं.

कागदावर हे कुटुंब बेघर नाही. त्याच्या नावावर घर आहे, घराचा फोटो आहे, तो अक्षांश-रेखांशासकट सरकारी संगणकावर चढलेला आहे. २०११च्या जनगणनेत बेघर मोजले गेले ते २८ फेब्रुवारीच्या रात्री. फुटपाथवर, पुलाखाली, मोठ्या पाइपांत, देवळाच्या ओवरीत झोपलेली माणसं. देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार निघाली, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर, बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार. फेब्रुवारीच्या त्या शेवटच्या रात्री उसाचा हंगाम ऐन भरात होता. पण ‘बेघर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फुटपाथ येतो, कोपी येत नाही.

घर तिथं काम नाही आणि काम तिथं घर नाही, हा या लेखाचा विषय. घरं बांधणारं सरकारी खातं वेगळं, काम देणारं वेगळं. घरकुल ग्रामविकास विभागाकडे, रोजगार हमी नियोजन विभागाकडे, ऊसतोड कामगारांचं महामंडळ सामाजिक न्याय विभागाकडे. तेच कुटुंब मुंबईला येऊन बांधकामावर लागलं तर कामगार विभागाकडे, आणि फुटपाथवर झोपलं तर नगरविकासकडे. पाच खात्यांना मिळून एका कुटुंबाची ओळख पटत नाही.

*

ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादम नावाच्या माणसाकडून सरकारने शिकण्यासारखं बरंच आहे. हे वाक्य अनेकांना खटकेल. मुकादम जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतो, म्हणजे नवरा-बायको मिळून एक हत्यार. तो उचल देतो आणि उचल फिटेपर्यंत माणूस त्याचा असतो. एक दिवस काम चुकलं तर खाडा लागतो, मग ते आजारपण असो की बाळंतपण. या व्यवस्थेतली पिळवणूक जगजाहीर आहे. खाडा पडू नये म्हणून बीडमधल्या किती बायकांनी गर्भाशयं काढून घेतली, यावर २०१९ साली राज्यात गदारोळ झाला, तेव्हा शहरातल्या वाचकांनाही ‘कोयता’ हा शब्द कळला.

तरीही दरवर्षी माणसं मुकादमाकडेच जातात, कारण मुकादम पैसे आधी देतो.

पावसाळ्यात हाताला काम नसतं. पोराच्या शाळेचा खर्च असतो, दवाखाना असतो, मुलीच्या लग्नाचं राहिलेलं देणं असतं. नेमक्या तेव्हा मुकादम रोख उचल मोजतो. एका कोयत्याची उचल लाखाच्या आसपास जाते. उलट रोजगार हमीची वाट बघा. आधी नमुना चार भरून काम मागायचं, काम निघण्याची वाट बघायची, काम केलं की मोजमाप, मग हजेरीपट, मग मंजुरी, मग बँक. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम आणि काम झाल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी, असं कायदा म्हणत आला. गावातला मजूर मात्र कायद्याच्या भरवशावर किराणा उधार आणत नाही. किराणेवालाही देत नाही.

म्हणजे दोन मालक आहेत. एक जुलमी, पण आगाऊ पैसे देणारा. दुसरा न्यायी, पण उशिरा देणारा. ज्याच्या घरात दाणा नाही तो कुणाकडे जाईल, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. ‘गावातच काम द्या म्हणजे स्थलांतर थांबेल’ असं भाषणात म्हणणं सोपं. पण काम कधी देता, त्याचे पैसे कधी देता, हे न बघता नुसते दिवस मोजले तर ट्रॉली थांबत नाही.

आता थोडा इतिहास. ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना कुठून बाहेरून आलेली नाही, ती इथलीच आहे.

*

वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती. गावच्या मजुराला गावातच काम मिळालं तर शेतीही सुधारेल आणि माणूसही टिकेल, ही त्यांची धारणा. तिचा छोटा प्रयोग साठच्या दशकात त्यांच्याच भागात झाला. १९७२मध्ये वसंतराव नाईकांच्या सरकारने रोजगार हमी योजना म्हणून ती जाहीर केली. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. दुष्काळाला तसा आधीच्या दोन वर्षांपासून आरंभ झालेला होता, पण ‘बहात्तरचा दुष्काळ’ हेच नाव लोकांच्या तोंडी बसलं. त्या पिढीतल्या माणसांना विचारा. अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो, सुकडी, आणि खडी फोडताना हाताला आलेले फोड, या तीन गोष्टी ती हमखास सांगतात. १९७३च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, बांधबंदिस्ती. जगातल्या अभ्यासकांनी नंतर या दुष्काळाकडे वळून पाहिलं ते याच कारणासाठी. पीक बुडूनही माणसं मोठ्या संख्येने मेली नाहीत, कारण काम आणि मजुरी गावाजवळ पोचली.

दुष्काळ सरला आणि योजना राहिली. १९७७मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्र रोजगार हमी कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९पासून अंमलात आला. शारीरिक कष्टाचं काम मागणाऱ्या प्रौढ माणसाला काम देणं हे सरकारचं कर्तव्य ठरलं. दिलं नाही तर बेकारभत्ता. भत्ता दिवसाला एक रुपया असा चेष्टेचा होता, पण मागणी आता दयेची उरली नाही. बायकांनी या कामांवर मोठी गर्दी केली. मजुरी कामाच्या मापावर, त्यामुळे खणलेल्या खड्ड्याला तो बाईने खणला की पुरुषाने, हे विचारण्याची सोय राहिली नाही. शेतमालकाच्या बांधावर जे कधी झालं नसतं ते सरकारी कामावर झालं.

या कायद्यातली एक बारीक तरतूद फारशी कुणी आठवत नाही. हमी ग्रामीण भागाला होती, पण ‘क’ वर्ग नगरपालिकांच्या हद्दीलाही होती. लहान गावा-शहरांत काम मागायचा हक्क असायला हरकत नाही, हे या राज्याने सत्तरच्या दशकातच मान्य केलं होतं. पुढे ती वाट आपण चाललोच नाही. केरळने २०१०मध्ये अय्यंकाळी यांच्या नावाने शहरी रोजगार हमी सुरू केली, राजस्थानने २०२२मध्ये इंदिरा गांधींच्या नावाने. ज्या राज्यात या कल्पनेचा जन्म झाला ते नुसतं बघत राहिलं.

आणि पैसा? तो तुमच्या-आमच्या पगारातून आला. नोकरदाराच्या पगारपत्रकावर ‘पीटी’ अशी दोन अक्षरं असतात. माझ्याही होती. कितीतरी वर्षं मला वाटायचं, की हा कसला तरी किरकोळ कर असेल, नोकरी करतो म्हणून द्यायचा. व्यवसाय कराचा हा कायदा १९७५चा, आणि तो बसवला गेला रोजगार हमीच्या खर्चासाठी. कराची जितकी रक्कम जमेल तितकीच सरकारने आपल्याकडून घालायची, असा हिशेब. मुंबईतल्या कारकुनाने, बँकेतल्या बाईने, गिरणीतल्या जॉबरने महिन्याला काही रुपये द्यायचे आणि त्यातून माणदेशातल्या, मराठवाड्यातल्या मजुराला गावात काम मिळायचं. शहर आणि गाव यांच्यातला इतका सरळ करार आपल्या राज्यात दुसरा झालेला मला माहीत नाही. फक्त शहराला त्याचा पत्ताच कधी कुणी लागू दिला नाही. राज्यघटनेने या कराची वरची मर्यादा १९८८मध्ये वर्षाला २,५०० रुपये केली. ती अजून तिथेच आहे. १९८८चे अडीच हजार आणि आजचे अडीच हजार यांतला फरक भाजीच्या पिशवीला कळतो.

त्याच १९८८मध्ये किमान वेतन वाढलं आणि रोजगार हमीची मजुरी एकदम दुपटीच्या आसपास गेली. मजुरांना आनंद झाला, पण पुढच्या काळात कामंच कमी निघू लागली. ‘मागेल त्याला’ हे कागदावर तसंच राहिलं. मागणाऱ्याला टोलवायची रीत तेवढी आली. कामाचा आराखडा तयार नाही, पुरेसे मजूर जमत नाहीत, साहेब रजेवर आहेत. २००५मध्ये दिल्लीने देशाचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचं नाव आदराने घेतलं गेलं. केंद्राची हमी तेव्हा कुटुंबाला १०० दिवसांची होती, त्यापुढच्या दिवसांची जबाबदारी महाराष्ट्राने आपल्याकडे ठेवली. पण देशभर योजना गाजत असताना तिच्या माहेरी तिची अवस्था सुमारच होती.

*

गावात काम मिळालं नाही की माणूस कुठे जातो, याचं उत्तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात लिहून ठेवलेलं आहे.

१३ जुलै १९८१. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं, की मुंबईच्या फुटपाथांवर राहणाऱ्यांना हुसकून त्यांच्या मूळ गावी धाडण्यात येईल. भर पावसात झोपड्या पाडायला सुरुवात झाली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. निकाल लागला १० जुलै १९८५ला. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड.

कायद्याची पुस्तकं या निकालातलं तत्त्व सांगतात. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, कारण जगण्याचं साधन काढून घेतलं की जगणं उरत नाही. मला मात्र त्यातली दोन माणसं जास्त आठवतात. नावं इथे नकोत.

पहिला तमिळनाडूतल्या सालेमचा भूमिहीन शेतमजूर. दुष्काळात काम गेलं म्हणून १९६१मध्ये मुंबईला आला. दहिसरच्या एका रासायनिक कंपनीत २३ रुपये रोजावर लागला. पश्चिम द्रुतगती मार्गाच्या कडेला प्लास्टिक आणि ताडपत्रीच्या आडोशासाठी त्याने झोपडीदादाला अडीच हजार रुपये मोजले. २३ जुलै १९८१ला पालिकेने तो आडोसा मोडला आणि त्याला बायको-मुलींसह सालेमच्या बसमध्ये बसवलं. बायको आणि मुली तिकडे राहिल्या. तो मात्र कामासाठी परत आला आणि पुन्हा फुटपाथवर राहायला लागला.

दुसरा आपला, संगमनेरचा. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला. चपला-जोडे शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे. गावातलं घर म्हणायचं ते पडलं, म्हणून १९६९मध्ये मुंबईला आला आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवरच्या जागेसाठी गुंडाला ३०० रुपये आणि बांबू-प्लास्टिकला ७०० रुपये, असे हजार रुपये त्याने फुटपाथवर टाकले. त्याचंही घर पाडलं गेलं आणि त्याने ते पुन्हा उभं केलं.

दोघांच्या हाताला काम होतं. ‘बेघर म्हणजे रिकामटेकडा’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत. दोघांनीही जागेचे पैसे मोजले होते, फक्त ते चुकीच्या माणसाच्या खिशात गेले. एकाचं गावातलं काम गेलं, दुसऱ्याचं गावातलं घर पडलं. दोन्ही वाटा एकाच फुटपाथवर येऊन मिळाल्या. सालेमच्या बसचं तिकीट सरकारने काढलं, पण सालेममधल्या कामाची सोय कुणी केली नाही. म्हणून ती बस फुकट गेली.

निकालाचा शेवट काय झाला, हे तत्त्वाच्या गौरवात हरवतं. फुटपाथ हे चालण्यासाठी आहेत, महापालिकेला ते मोकळे करता येतील, असंच न्यायालयाने सांगितलं. १९७६च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती त्यांना पर्यायी जागा द्या आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरून महिना होईपर्यंत, हात लावू नका, एवढी सवलत. तत्त्व जिंकलं आणि ज्यांच्यामुळे ते जिंकलं ती माणसं हरली.

त्याच सुमाराला भायखळ्याच्या फुटपाथांवरच्या बायकांनी ‘स्पार्क’ या संस्थेच्या सोबतीने आपली मोजणी आपणच केली आणि १९८५मध्ये ती छापली. फुटपाथवर कोण राहतं, कुठून आलं, काय काम करतं. त्या बायकांची पुढे ‘महिला मिलन’ झाली. त्यांनी बचत केली, घराचा आराखडा जमिनीवर साड्या अंथरून मापून पाहिला, आणि बऱ्याच वर्षांनी मानखुर्दला त्यांतल्या काहींची घरं उभी राहिली. तरी नव्या घरात राहायला गेलं की जुन्या कामाचं काय, हा प्रश्न तिथेही उभा राहिलाच. घरकाम, बाजारातली हमाली, कचरावेचणी यांपैकी कशालाही लोकलचं भाडं परवडत नाही.

*

काम आणि घर चालण्याच्या अंतरावर असावं, हे मुंबईला कधीतरी कळत होतं. कोकणातला चाकरमानी गिरणगावात यायचा तेव्हा गावकीची खोली त्याची वाट बघत असायची. एका खोलीत एकाच गावचे दहा-वीस गडी, पाळ्या बदलत झोपणारे. जेवण खानावळवाल्या बाईकडे. भोंगा झाला की पाच मिनिटांत गिरणीच्या दारात. १९२०च्या दशकात सरकारनेच बीडीडी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. खोल्या एवढ्याशा, संडास सामाईक, पण जागा कामाजवळची. मुंबईत येणं तेव्हाही होतं आणि त्यात लाज वाटण्याजोगं काही नव्हतं. चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर कोकण उभं राहिलं. त्यामुळे माणसांनी गाव सोडूच नये, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. पुढची गोष्ट सर्वांना पाठ आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. एवढंच नोंदवतो, की १९९१च्या नियमाने बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते. एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१मध्ये तो नियम बदलून फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीला लावला गेला आणि वाटे आक्रसले. या शहराला स्वस्त घरं आणि कामाच्या जागा एकाच ठिकाणी करण्याची संधी पुन्हा येईल असं वाटत नाही.

उलट माहूलचं उदाहरण घ्या. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुंपणाला लागून प्रकल्पग्रस्तांसाठी इमारती उभ्या केल्या आणि तानसा जलवाहिनीवरची कुटुंबं तिथे हलवली. हवा अशी की लोक आजारी पडू लागले. काम लांब, शाळा लांब. २०१९मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, की दुसरीकडे घर देता येत नसेल तर महिना १५ हजार रुपये भाडं द्या. हजारो सदनिका रिकाम्या पडून राहिल्या. ज्या शहरात हजारो माणसं रस्त्यावर झोपतात, त्याच शहरात पालिकेची हजारो घरं रिकामी. बीडच्या कुलपाचीच ही मुंबईतली आवृत्ती.

रात्रनिवाऱ्यांचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये बजावलं, की मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, तोही बारा महिने, चोवीस तास. २०११च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे. त्या आकड्याच्या जवळपासही मुंबई पोचलेली नाही. आणि जे निवारे झाले ते कुठे आहेत, हेही बघावं लागतं. मशीद बंदरला, क्रॉफर्ड मार्केटला भल्या पहाटे माल उतरतो. हमाल तिथेच झोपतो, कारण तीन-चार वाजता तिथेच उठायचं असतं. त्याला दहा किलोमीटरवर गादी-पंखा दिलात तर तो येणार नाही, आणि तुम्ही अहवालात लिहाल, की लाभार्थी निवाऱ्यात यायला तयार नाहीत.

सकाळी आठला कुठल्याही उपनगराच्या मोठ्या नाक्यावर जाऊन उभं राहा. गवंडी, बिगारी, रंगारी, डोक्याला टॉवेल, हातात डब्याची पिशवी. मराठवाड्यातले, विदर्भातले, कलबुर्गीकडचे, उत्तर प्रदेश-बिहारचे. गाडी थांबली की घोळका धावतो. दहा वाजेपर्यंत जो उचलला गेला नाही त्याचा दिवस गेला. या लोकांसाठी केंद्राने १९९६मध्ये कायदा केला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर आहे आणि त्यातून जमणाऱ्या पैशावर चालणारं राज्याचं कल्याणकारी मंडळ आहे. त्या मंडळाची घरासाठी अर्थसाह्याची योजनाही आहे. काम आणि घर एका फाइलीत आलेली ही दुर्मिळ जागा. पण नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरच्या बिगाऱ्याचा मालक रोज बदलतो. नव्वद दिवसांत साठ मालक झाले तर दाखला कुणाकडे मागायचा? मग दाखले मिळवून देणारे दलाल उगवतात आणि खरा बिगारी नाक्यावरच राहतो. यावर उपाय अवघड नाही. महापालिकेने सकाळी सात ते दहा नाक्यावरच टेबल टाकून हजेरी लावावी. हजेरीपट हा प्रकार या राज्याला पन्नास वर्षं येतो.

*

आता ज्या गावाचं नाव सगळेच घेतात, त्याचं मीही घेतो. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा हे गाव उजाड होतं आणि माणसं कामासाठी बाहेर जात होती. पुढे काय झालं ते सगळे गोष्टीसारखं सांगतात. एक चांगला माणूस आला आणि गाव बदललं. मला ही गोष्ट अर्धीच वाटते. त्या डोंगरउतारांवर खणलेले चर, बांध, तलाव यांतलं पुष्कळसं काम रोजगार हमीच्या आणि अशाच सरकारी योजनांच्या पैशातून झालं. हाच पैसा शेजारच्या गावांनाही होता. फरक असा, की इथे ग्रामसभेने आधी ठरवलं पाणी कुठे अडवायचं, आणि मग त्या आराखड्यात रोजगार हमी बसवली. त्याबरोबर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, आणि सगळ्यात कठीण म्हणजे शेतीसाठी बोअरवेलबंदी. उसालाही मनाई. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर पीक ठरवायचं. पाणी टिकलं, चारा झाला, दूध वाढलं, आणि बाहेर गेलेली कुटुंबं गावात परत आली. त्यांना गावच्या घरांची कुलपं उघडायला कुणाला सांगावं लागलं नाही.

याच्या शेजारी आपल्या राज्यातलं दुसरं चित्र ठेवा. पाणी पिणारा ऊस पाणी असलेल्या भागात, आणि तो तोडणारे हात पाणी नसलेल्या भागातून. या हातांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ झालं. पोरांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली, म्हणजे आईबाप फडात असताना पोरगं गावच्या शाळेत राहील. चांगलीच गोष्ट. पण पोरांना वसतिगृह, आईबापांना कोपी आणि घराला कुलूप, ही एका कुटुंबाची तीन ठिकाणी केलेली सोय आहे.

घरकुलाच्या योजनेतली एक तरतूद मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. स्वतःचं घर बांधताना लाभार्थ्याने केलेल्या कष्टाची ९० दिवसांची मजुरी रोजगार हमीतून त्यालाच द्यायची, असं २०१६च्या योजनेत ठरलं. घर आणि काम सरकारने एका ओळीत लिहिलं, असं इथे झालं. पण घराचा हप्ता येतो त्याच्या वेळेने आणि मुकादमाची ट्रॉली निघते तिच्या वेळेने. पाया खणला, भिंती गुडघ्याएवढ्या आल्या आणि टोळी निघाली. उन्हाळ्यात परत यावं तर सिमेंटचा भाव वाढलेला, उचल फिटलेली नसते आणि पावसाळा तोंडावर. ही ओळ खरी करायची तर हप्ता आणि काम जून ते सप्टेंबरमध्ये हातात पडलं पाहिजे, उचल घ्यायच्या आधी. पहिल्या पंधरवड्याची मजुरी आगाऊ द्यावी लागली तर द्यावी. मुकादमाला बुडण्याचा धोका पत्करून जे परवडतं, ते राज्याच्या तिजोरीला का परवडू नये?

हंगाम संपला की पट्टा पडतो आणि ट्रॉल्या परत फिरतात, ते मार्च-एप्रिलमध्ये. त्याआधी नोकरदार वाचकांच्या हाती फेब्रुवारीचं पगारपत्रक पडतं. अकरा महिने ‘पीटी’समोर २०० रुपये असतात, त्या महिन्यात ३०० असतात, म्हणजे वर्षाचे अडीच हजार पुरे होतात. गावात काम निघावं म्हणून बसवलेल्या कराचे ते शंभर रुपये जास्तीचे कापले जातात, तेव्हा बीडमधल्या घरकुलांना कुलपं लागून तीन-चार महिने झालेले असतात.